नागरिकशास्त्र पुस्तकाबाहेर काढायचं कसं: नागपूरच्या शाळांसाठी कामाचा आराखडा

नागरिकशास्त्र शाळेत सक्तीचं करा, अशी मागणी दर निवडणुकीनंतर एकदा तरी होते. महाराष्ट्रात ते सक्तीचंच आहे. सहावी ते आठवीला इतिहासाच्या पुस्तकात मागच्या बाजूला नागरिकशास्त्र, नववी-दहावीला राज्यशास्त्र. दहावीच्या ४० गुणांच्या पेपरात त्याच्या वाट्याला १२ गुण येतात, आणि खालच्या वर्गांतही वेळ त्याच हिशेबाने मिळतो: इतिहास संपवायचा, उरलेल्या आठवड्यात नागरिकशास्त्र ‘वाचून घ्यायचं’. मग मुलाला शहरांच्या स्थानिक संस्थांबद्दलची ७४ वी घटनादुरुस्ती पाठ असते आणि आपलं घर कुठल्या प्रभागात आहे ते ठाऊक नसतं.

यावर नवा विषय, नवं पुस्तक लागत नाही. शाळेच्या गेटपासून अर्ध्या किलोमीटरच्या आतला एकच प्रश्न निवडायचा आणि तो योग्य कार्यालयाच्या आवक टेबलापर्यंत आणि तिथून पुढे न्यायचा. पुस्तकातले निम्मे धडे त्या वाटेवर आपोआप येतात.

वर्ग आणि वेळ

आठवीचा वर्ग सर्वांत सोयीचा. मुलं अर्ज लिहू शकतात, बोर्डाचं दडपण नसतं, आणि ‘राज्यशासन’, ‘नोकरशाही’ हे धडे त्याच वर्षी आहेत. सहावीला ‘शहरी स्थानिक शासन संस्था’ हा धडा असतो; त्यांच्यासाठी खालच्यातला फक्त पहिला भाग पुरतो. दहावीला हात लावू नका, पालक ऑगस्टमध्येच विचारायला येतात.

३५ मिनिटांचे आठ तास लागतात: प्रश्न निवडायला एक, ‘काम कुणाचं’ला दोन, अर्जाला एक, माहिती अधिकाराला एक, वर्गातल्या निवडणुकीला एक आणि नमुना सभेला सलग दोन. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून जुलैचे पहिले दोन आठवडे स्थिरस्थावर होण्यात जातात. अर्ज ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कार्यालयात गेलाच पाहिजे. उशीर झाला तर माहिती अधिकाराची ३० दिवसांची मुदत आणि त्यानंतरचं अपील दिवाळीच्या सुट्टीत अडकतं, आणि सुट्टीनंतर वर्गाचा धागा तुटलेला असतो. शिवाय पावसाळ्यात दोष उघडे पडतात: तुंबलेली गडर लाइन (सांडपाण्याची वाहिनी) मे महिन्यात कुणाला दिसत नाही.

प्रश्न निवडणं

६० मुलांच्या वर्गात सहा-सहांचे दहा गट करा. प्रत्येक गटाने शाळेजवळचे तीन दोष लिहून आणायचे, जागेच्या नेमक्या खुणेसह. बाहेर पाहणी करायची असेल तर पालकांचं संमतिपत्र, १५ मुलांमागे एक मोठा माणूस, आणि मोठा रस्ता ओलांडायचा नाही. रस्त्याच्या मधोमधच्या खड्ड्याची मोजणी मुलांकडून करवून घेऊ नये. फूटपाथवर उभं राहून दिसेल तेवढंच.

तीस दोषांतून एक निवडताना चार चाळण्या लावा. जागा एक हवी. कारण एक हवं. कार्यालय शक्यतो एक हवं. आणि काम महिन्याभरात होण्याजोगं हवं. चेंबरचं तुटकं झाकण, बंद पडलेले सलग तीन दिवे, पुसलेला झेब्रा क्रॉसिंग, कोपऱ्यावर रोज साचणारा कचरा, तारेला टेकलेली फांदी हे चालतं. ‘शहरातलं प्रदूषण’, ‘सीताबर्डीची वाहतूक कोंडी’ हे चालत नाही. मुलं नेमके तेच निवडतात, कारण निबंधात तेच विषय येतात. गट अडून बसला तर विचारा: “या अर्जावर सही-शिक्का मारणारा माणूस कोण?” उत्तर आलं नाही की विषय आपोआप गळतो.

हे काम कुणाचं?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून दोन तास इथेच घालवा. नागपुरात एकाच चौकात चार-पाच यंत्रणा काम करत असतात. वर्धा रोडचं उदाहरण फळ्यावर काढा: सगळ्यात वर महामेट्रोची रेल्वे, मधे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा उड्डाणपूल, खाली रस्ता. वरून पाणी गळतंय ही तक्रार कुणाकडे जाणार, हे आधी पाणी कुठल्या मजल्यावरून येतंय त्यावर ठरतं.

वर्गात लावायचा तक्ता साधारण असा होतो:

पथदिवा बंद: मनपाचा विद्युत विभाग, झोन कार्यालयामार्फत. घरातली वीज गेली: महावितरण. मुलांना दोन्ही ‘लाइटवालेच’ वाटतात.

नळाला पाणी नाही: बिल ओसीडब्ल्यूचं (ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीचं) येतं, पण पाणीपुरवठा ही जबाबदारी मनपाची, कंपनी करारावर काम करते. तक्रार कंपनीच्या केंद्रात, पाठपुरावा मनपाकडे.

लेआउटमधला रस्ता: इथे थांबा. रस्ता मनपाचा, नागपूर सुधार प्रन्यासचा (एनआयटी) की सार्वजनिक बांधकाम विभागाचा? एनआयटी १९३६ च्या वेगळ्या कायद्याने आलेली संस्था आहे आणि शहरातल्या कित्येक लेआउटचा विकास तिच्याकडे राहिला. परिसरातल्या जुन्या रहिवाशाकडून किंवा लेआउटच्या कागदावरून हे कळतं. अंदाजाने लिहू नका.

झाडाची फांदी: मनपाचा उद्यान विभाग. झाड तोडायला १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. फांदी विजेच्या तारेला टेकत असेल तर महावितरणही येतं.

चौकात पोलीस हवा: शहर पोलीस, म्हणजे राज्याचं गृह खातं. मनपाचा इथे संबंध नाही.

आणखी एक गोंधळ खास नागपूरचा. मनपा आयुक्त, पोलीस आयुक्त, विभागीय आयुक्त असे तीन आयुक्त, आणि तिघांचीही कार्यालयं सिव्हिल लाइन्समध्ये. मुलांच्या वहीत हे तिघे एकच माणूस असतात. तिघांची नावं नकोत, तीन कामं लिहून घ्या: शहराचा कारभार, कायदा-सुव्यवस्था, सहा जिल्ह्यांच्या महसुली विभागाचं प्रशासन.

या भागासाठी चिठ्ठ्यांचा खेळ चांगला जमतो. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे देता येतील असे १८ विषय आहेत: पाणी, घनकचरा, अग्निशमन, उद्यानं, स्मशानभूमी, पथदिवे आणि बसथांबे वगैरे. १८ चिठ्ठ्या त्या विषयांच्या, त्यांत पोलीस, टपाल, रेल्वे, विद्यापीठ, न्यायालय अशा आठ-दहा बाहेरच्या मिसळा. टेबलावर चार डबे ठेवा: मनपा, राज्य, केंद्र, न्यायव्यवस्था. चुकलेल्या चिठ्ठीवर चर्चा करा, बरोबर आलेल्या सोडून द्या.

झोन आणि प्रभाग याच तासाला शोधून घ्या. मनपाचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी. झोनचा प्रमुख सहायक आयुक्त. मुलांना घरून मालमत्ता कराच्या देयकावर झोन कुठला लिहिलाय ते बघून यायला सांगा. एक खबरदारी: देयकावरचा कराचा वॉर्ड आणि निवडणुकीचा प्रभाग एकच समजू नका. प्रभाग मतदार यादीवरून बघायचा. भाड्याने राहणाऱ्या मुलांकडे कराचं देयक नसतं, तेव्हा ‘घरून आणा’ ही सक्ती न करता शाळेच्याच पत्त्यावर काम करा.

अर्ज

मराठीच्या पेपरात औपचारिक पत्र येतंच, तेव्हा हा तास भाषेच्या शिक्षकांबरोबर घ्या. मजकूर एवढाच पुरे:

“प्रति, मा. सहायक आयुक्त, ______ झोन, नागपूर महानगरपालिका.
विषय: शाळेच्या मुख्य फाटकासमोरील गडर लाइनच्या चेंबरचे तुटलेले झाकण बदलण्याबाबत.
महोदय/महोदया,
आमच्या शाळेच्या मुख्य फाटकापासून डावीकडे सुमारे १२ मीटर अंतरावर फूटपाथलगत चेंबरचे झाकण अर्धे तुटलेले आहे. दि. ______ रोजी पाहणी केली. सकाळी शाळा भरताना व दुपारी सुटताना विद्यार्थी याच बाजूने जातात. पाऊस असताना उघडा भाग पाण्याखाली दिसत नाही. झाकण बदलावे व तोपर्यंत तेथे अडथळा लावावा, ही विनंती.
सोबत: दोन छायाचित्रे, जागेचा हाताने काढलेला नकाशा.”

हा अर्ज चालतो याचं कारण त्यात अंतर, दिशा, वेळ आणि दोन स्पष्ट मागण्या आहेत. दुसरी मागणी तात्पुरती आहे, आणि ती बहुधा आधी पूर्ण होते. मुलांच्या पहिल्या मसुद्यात यातलं काही नसतं. त्यात ‘आमच्या परिसरात अनेक समस्या आहेत’ असतं, ‘प्रशासन झोपले आहे’ असतं, आणि एकाच कागदात झाकण, कुत्रे, कचरा, दिवे असतात. चार विषयांचा अर्ज चार टेबलांवर जाऊ शकत नाही; तो पहिल्या टेबलावर पडून राहतो. विषय एक, अर्ज एक.

सही मुख्याध्यापकांची, आणि खाली ‘इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांच्या वतीने’. मुलांचे मोबाइल नंबर, घरचे पत्ते घालू नका. अर्ज महापौरांच्या नावाने काढण्याचा मोह अनेक शाळांना होतो. महापौर सभेचे अध्यक्ष असतात. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आणि त्यांनी नेमून दिलेल्या अधिकाऱ्यांकडे असतात. प्रभागातल्या नगरसेवकांना मात्र प्रतिलिपी द्या, आणि एकालाच नको, सगळ्यांना. ओळखीच्या एकाच्या हाती दिलं की शाळा त्या पक्षाची म्हणून बोभाटा होतो.

दोन प्रती न्या. एक आवकमध्ये द्यायची, दुसऱ्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. फोनवर किंवा ‘साहेबांना भेटून’ दिलेली तक्रार वर्गाच्या कामाची नाही, कारण तिला क्रमांक नसतो. शक्य असेल तर दोन विद्यार्थी शिक्षकांबरोबर झोन कार्यालयात जावेत. शिक्का पडताना बघितला की ‘नोकरशाही’ हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. ती प्रत वर्गात लावा, खाली तारखांची पट्टी. १५ दिवसांनी आवक क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र. काम झालं तर झाल्याचं पत्रही द्यायचं, म्हणजे फाइल बंद होते.

मुलांना ‘काम होईलच’ असं सांगू नका. झालं नाही तर पुढची पायरी आहे.

माहितीचा अधिकार

२००५ च्या कायद्याचा अर्ज शिक्षकाने स्वतःच्या नावाने करावा. कायदा हक्क ‘नागरिकाला’ देतो. ‘मुख्याध्यापक, अमुक विद्यालय’ असा पदाच्या नावाने अर्ज केला तर हरकत निघू शकते. अर्ज जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. प्रतींसाठी पानाला २ रुपये.

प्रश्न कसा विचारायचा, हाच या तासाचा खरा धडा. मुलं लिहितात: “झाकण अजून का बदललं नाही?” याचं उत्तर मिळत नाही, कारण कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयात असलेली नोंद, खुलासा किंवा मत नव्हे. तोच प्रश्न असा फिरवा: “दि. ______, आवक क्र. ______ च्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची प्रत द्यावी.” रस्त्याचं काम असेल तर कार्यादेशाची (ठेकेदाराला काम दिल्याच्या आदेशाची) प्रत, मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाच्या मोजणीची नोंद) संबंधित पानं, आणि दोषदायित्वाचा कालावधी (बिघाड ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) किती ते मागा. वर्गाला दहा ‘का’ असलेले प्रश्न द्या आणि प्रत्येकाचं कागद मागणाऱ्या वाक्यात रूपांतर करायला लावा. पाचव्या प्रश्नापर्यंत सूर सापडतो.

उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर त्यांनी पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. मनपा आणि एनआयटीच्या बाबतीत हे प्रत्यक्ष बघायला मिळू शकतं. उत्तर आलंच नाही तर तो नकार समजून ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, फी २० रुपये. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. शाळेच्या उपक्रमात दुसऱ्या अपिलापर्यंत जाऊ नये. शैक्षणिक वर्ष आधी संपतं.

निवडणूक आणि सभा

शाळेचं मंत्रिमंडळ बहुतेक ठिकाणी हात वर करून निवडतात, किंवा वर्गशिक्षक हुशार मुलाचं नाव सांगतात. त्याऐवजी मनपाच्या पद्धतीने घ्या. २०१७ च्या निवडणुकीत नागपुरात ३८ प्रभाग आणि १५१ जागा होत्या: ३७ प्रभागांत चार-चार, एका प्रभागात तीन. म्हणजे बहुतेक मतदारांना चार मतं द्यायची होती. मोठ्यांनाही हे समजावून सांगावं लागतं, तेव्हा वर्गात करून दाखवणं सोपं.

वर्ग म्हणजे एक प्रभाग. जागा अ, ब, क, ड. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, म्हणून दोन जागा मुलींसाठी. कुठल्या दोन ते सगळ्यांसमोर चिठ्ठी काढून ठरवा. चार रंगांचे कागद घ्या, प्रत्येक जागेसाठी एक रंग. ६० मतदारांना २४० मतपत्रिका लागतात. दहा जास्तीच्या ठेवा आणि त्यांचा हिशेब लिहा. चिन्हं ठरवताना सांभाळा: घड्याळ, मशाल, धनुष्यबाण, पतंग, इंजिन ही पक्षांची आहेत. डबा, दप्तर, पट्टी, चेंडू घ्या. मतदान पुठ्ठ्याच्या आडोशाआड. मोजणीला प्रत्येक उमेदवाराचा एक प्रतिनिधी, आणि वैध, बाद आणि उरलेल्या मतपत्रिका मिळून छापलेला आकडा जुळलाच पाहिजे. जुळला नाही तर निकाल जाहीर करायचा नाही. बाद मतं बहुतेक वेळा एकाच कागदावर दोन खुणा केल्यामुळे होतात, आणि ‘नोटा’चा रकाना ठेवला नाही तर मुलं कोरा कागद टाकतात. मनपाची खरी निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, भारत निवडणूक आयोग नव्हे, हे इथेच सांगून टाका. शहरात खरी आचारसंहिता लागू असेल तर उपक्रम पुढे ढकला.

प्रत्येक तुकडीतून चार असे नगरसेवक जमले की सर्वसाधारण सभा. महापौर, नगरसचिव, आयुक्त, लेखाधिकारी आणि दोन्ही बाजूंचे नेते ठरवा. आयुक्त निवडून आलेला नसतो, शासनाने नेमलेला असतो, म्हणून ही भूमिका शिक्षकाने नेमलेल्या विद्यार्थ्याला द्या आणि त्याला मत नाही. विषयपत्रिका तीन दिवस आधी लावा, त्यावर जास्तीत जास्त तीन विषय. ठरावाला सूचक आणि अनुमोदक हवा. बोलायला प्रत्येकी दोन मिनिटं, घड्याळ नगरसचिवाकडे.

सभा बिघडते ती पैशाशिवाय. नुसत्या मागण्या असल्या की सगळे ठराव एकमताने मंजूर होतात आणि कुणाला काही शिकायला मिळत नाही. म्हणून लेखाधिकाऱ्याकडे १० लाखांचं काल्पनिक अंदाजपत्रक आणि १८ लाखांच्या मागण्या द्या. दर खरे नसले तरी चालतील, बेरीज खरी हवी. दिवे घेतले तर फूटपाथ राहतो, हे कळलं की वाद खरा होतो, उपसूचना येतात, आणि कुणीतरी कर वाढवण्याचं सुचवतं. त्या मुलाला बोलू द्या. इतिवृत्त त्याच दिवशी लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला स्वतःचंच भाषण आठवतं.

अनुदानित किंवा सरकारी शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचं जुनं इतिवृत्त (नावं झाकून) नमुना म्हणून दाखवता येईल. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत ७५ टक्के पालक आणि ५० टक्के महिला असतात. कित्येक विद्यार्थ्यांना आपली आई अशा समितीत आहे हेच माहीत नसतं.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक होईपर्यंत मनपा प्रशासकाच्या हाती गेली, हेही याच तासाला सांगा. सभा नसताना अंदाजपत्रक कोण मंजूर करतं, हा प्रश्न मुलं स्वतः विचारतात.

डिसेंबर

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराच्या आधारे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथे भरतं. अधिवेशनाच्या दिवसांत सहल काढू नका. बंदोबस्तात बस अडकते. त्याऐवजी पंधरा दिवस वर्तमानपत्रातली कात्रणं जमवा आणि तीन ढीग करा: प्रश्नोत्तरं, लक्षवेधी, विधेयकं. चौथा ढीग मोर्चांचा: यशवंत स्टेडियमवरून निघून मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडवला जाणारा मोर्चा कुणाचा, मागणी काय, निवेदन कुणी स्वीकारलं. दहावीचा ‘सामाजिक व राजकीय चळवळी’ हा धडा शिकवणाऱ्यांनी ही कात्रणं मागून घ्यावीत.

गुण

वक्तृत्वाला गुण दिले की नेहमीचीच चार मुलं वर येतात. कागदांना द्या: पाहणीची नोंद ५, योग्य कार्यालय शोधणं ५, अर्जाचा मसुदा ५, इतिवृत्त ५. सत्राच्या चाचणीत एक प्रश्न असा घाला: “शाळेसमोरचा दिवा बंद आहे. तक्रार कुणाकडे, कोणत्या कागदाने, आणि १५ दिवसांत काही झालं नाही तर पुढे काय?” उत्तरात ‘सरकारने लक्ष द्यावे’ एवढंच असेल तर शून्य. कार्यालयाचं नाव, आवक क्रमांक आणि स्मरणपत्र आलं तर पूर्ण. वर्षाअखेरीस फाइल पुढच्या आठवीच्या वर्गशिक्षकांकडे द्या. पहिल्या पानावर प्रलंबित अर्जांचे आवक क्रमांक आणि तारखा.